माझा गळा मोकळा केला त्याची गोष्ट

मी करवत बोलतेय. दोघांनी दोन बाजूंनी ओढायची ती लांबलचक करवत नव्हे. मी साखळीची, पेट्रोलवर चालणारी, एका हाताने उचलता येईल एवढी लहान. सध्या टाकी रिकामी आहे आणि मी खुंटीला टांगलेली आहे, म्हणून निवांत बोलू शकते. टाकी भरली की मला दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय नव्हती. ती कशी लागली तेच सांगायचं आहे.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. प्रेमाने घडवलं वगैरे काही नाही. पट्ट्यावरून सरकत गेले, कुणी दांडा लावला, कुणी साखळी चढवली. शेवटी एका बाईने दोरी ओढून मला एकदा सुरू केलं, कागदावर खूण केली आणि खोक्यात घातलं. त्या घटकाभरात मला एक कळलं, की माझा गळा आवळलेला आहे. धूर बाहेर जायला समोर सायलेन्सरचा डबा होता. त्याच्या आत एक आडवा पत्रा, तोंडाशी बारीक जाळी, आणि जाळीबाहेर करंगळीचं टोक जेमतेम शिरेल एवढं भोक. श्वास घ्यायला मुभा होती, सोडायची मात्र चोरी. मला वाटलं, सगळ्यांचं असंच असतं. जन्मापासून घट्ट चपला घातलेल्याला चप्पल चावते हे कसं कळणार?

समुद्र ओलांडून मी दक्षिणेतल्या कॉफीच्या डोंगरात, कोडगूत आले, सुभेदार तम्मय्यांच्या घरी. सुभेदार फौजेतून निवृत्त होऊन आपल्या आठ एकर कॉफीच्या मळ्यात राहायला आले होते. हौसेने त्यांनी मला घेतलं आणि तितक्याच हौसेने फौजी कांबळ्यात गुंडाळून पलंगाखाली ठेवलं. पाहुणे आले की बाहेर काढायचे, पुसायचे, "जर्रा लांब उभे राहा" म्हणायचे आणि परत ठेवायचे. तीन वर्षांत मी एक पेरूची फांदी कापली, तीही वाळलेली. माणसांची ही तऱ्हा मला अजून उमगलेली नाही. कामाची वस्तू घेतात आणि तिला कामच लागू नये म्हणून जपतात.

मग एका चैत्रात त्यांच्या मळ्यातली झाडं फार दाटली. कॉफीला सावली लागते, पण बेताची. पावसाळ्याआधी वरच्या फांद्या उतरवाव्याच लागतात. हे काम वर्षानुवर्षं करिया करायचा. करिया जेनू कुरुब आदिवासींपैकी, मध काढणाऱ्यांच्या घरचा. त्याला झाडावर चढताना पाहिलं की वाटावं, हा खाली चालतो तेच चुकून. तोवर तो कोयत्याने छाटायचा. सुभेदारांचा गुडघा त्या वर्षी धरला होता, त्यामुळे पाहुण्यांपुढे मला मिरवणंही जमेना. त्यांनी कांबळं सोडलं आणि मला करियाच्या हातात देऊन टाकलं. "ने. तुझीच झाली. पण पुसून ठेवत जा," एवढंच म्हणाले.

करिया वर आणि त्याची बायको सोमी खाली, अशी त्यांची जोडी होती. करिया फांदीला दोर बांधायचा, तो वरच्या बेचक्यातून खाली सोडायचा. सोमी खाली दोराचा एक वेढा बुंध्याला मारून टोक धरून उभी राहायची. फांदी कापली गेली की ती दोर हळूहळू सैल करून फांदी कॉफीच्या दोन ओळींमध्ये अलगद उतरवायची. कॉफीचं एक झुडूप मोडलं तरी सुभेदार तीन दिवस बोलायचे, म्हणून हे कसब फार मोलाचं होतं.

पण सोमीचं खरं काम ऐकण्याचं होतं. कॉफीची झुडपं माणसापेक्षा उंच, पाच पावलांपलीकडे काही दिसत नाही. आणि त्या मळ्यांमधून दिवसाढवळ्या हत्ती वावरतात. मळ्यात त्यांना कुणी हत्ती म्हणत नाही, थोरले म्हणतात. थोरले एवढे मोठे, पण कॉफीत उभे राहिले की सावलीसारखे उभे राहतात. ते ओळखायचे कानाने. कुठे काटकी मोडली, कुठे पोट गुरगुरलं, कुठे पाखरं एकाएकी गप्प झाली. सोमीचा बाप पाळीव हत्तींच्या तळावर माहूत होता, त्यामुळे तिला हे लहानपणापासून येत होतं. काही ऐकू आलं की ती दोराला दोन हिसडे द्यायची. वर करिया लगेच हात थांबवायचा.

माझं सुरुवातीचं काम बेताचंच होतं. पांगारा मी कापायची, सिल्व्हर ओक कापायची, पण फणसाची जाड फांदी आली की मध्यातच दम लागायचा. शेजारच्या मोठ्या मळ्यात मोठमोठ्या मशिनींची टोळी आली होती. कुंपणापलीकडून ते लोक करियाला विचारायचे, "काय रे, डास आणलास का झाडाला चावायला?" करिया हसण्यावारी न्यायचा, पण घरी गेल्यावर मला पुसताना जरा जास्तच जोर लावायचा. एका रविवारी त्याने मला पोत्यात घातलं आणि बाजारात औसेपचेट्टनकडे नेलं.

औसेपचेट्टन मूळचे केरळचे. पाण्याचे पंप, कॉफी सोलायची यंत्रं, आमच्यासारख्या करवती, सगळ्यांचे डॉक्टर. चाळीस वर्षांत यंत्रांनी त्यांचे कान खाल्ले होते. आता ते कानाने ऐकतच नसत. त्यांनी मला सुरू केलं, टाकीवर तीन बोटं ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "हिचा गळा आवळलाय."

करियाने मोठ्याने विचारलं, कुणी आवळला?

"बनवणाऱ्याने. तिकडच्या लोकांची झोपमोड होऊ नये म्हणून. हिच्यात ताकद आहे, पण बाहेर पडायला दार नाही."

मला काय वाटलं असेल! इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं दुखणं नेमकं सांगितलं होतं.

दोन स्क्रू काढून त्यांनी डबा सोडवला. जाळी उपटून बाजूला ठेवली, आतला आडवा पत्रा कापला, भोक अंगठा जाईल एवढं मोठं केलं, कडा कानशीने घासल्या. त्यावर वाकडी नळी बसवून तिला वेल्डिंग मारलं, म्हणजे गरम धूर करियाच्या हातावर न येता पुढे जाईल. मग डबा परत लावून दोरी ओढली.

मी किंचाळले. स्वच्छ, उंच आवाजात. बाजारातले चार लोक दारात येऊन उभे राहिले. करियाचा चेहरा फुलला. पण औसेपचेट्टनांनी बोटं टेकवली न टेकवली तोच मला बंद केलं.

"हा आनंद नाही, ताप आहे," ते म्हणाले. श्वास मोकळा झाला, पण पेट्रोल पूर्वीइतकंच येतंय. अशीच चालवलीस तर आठ दिवसांत आतून भाजून निघेल, असं त्यांनी करियाला बजावलं. मग कार्बोरेटरचा एक बारीक स्क्रू त्यांनी पाव फेरा सैल केला. आता मी मोकळी फिरताना किंचित गुरगुरायला लागले आणि लाकडात शिरले की आवाज साफ व्हायचा. त्यांनी माझा प्लग काढून उजेडात धरला. दुधाच्या कॉफीसारखा रंग आला होता. तो पाहून ते समाधानाने हसले.

"एक लक्षात ठेव. गळा मोठा झाला की भूक वाढते, पोट तेवढंच राहतं. आधी एका टाकीत चाळीस मिनिटं चालायची, आता तीस धर."

करियाने मान हलवली. माणसं मान हलवतात तेव्हा त्यांनी ऐकलेलं असतंच असं नाही.

दुसऱ्या दिवशी फणसाची ती फांदी मी लोण्यासारखी कापली. कुंपणापलीकडच्या टोळीतले लोक मान वर करून बघत राहिले. माझ्या आनंदाला पारावार नव्हता, खोटं कशाला बोलू? मी मुद्दाम जरा जास्तच ओरडत होते. खाली मात्र सोमीने दोर बुंध्याला अडकवून दोन्ही हात कानांवर ठेवले होते.

जेवायच्या सुट्टीत नाचणीचा गोळा मोडता मोडता ती करियाला म्हणाली, "हिचा आवाज पूर्वीसारखा कर."

करियाने विचारलं, का?

"तू वर असतोस, तुला रान दिसतं. मला खाली फक्त ऐकू येतं. आता तेही येत नाही."

करिया हसला. त्याने तिला समजावलं, की हा आवाज ऐकून थोरले दोन टेकड्या पलीकडे पळतील, मग ऐकायचं राहिलंच काय? सुभेदार तिथेच गुळाची काळी कॉफी पीत बसले होते. त्यांनीही मान डोलावली. मोठा आवाज म्हणजे निम्मी लढाई, असं त्यांचं फौजी मत पडलं. त्या भागात सगळेच असं मानायचे. डबे वाजवा, फटाके लावा, थोरले पळतात. सोमीला ते पटलं नव्हतं. दोराच्या खाली उभं राहणं तिच्या वाट्याला होतं, त्यांच्या नव्हे.

मलाही करियाचंच बरोबर वाटलं. माझ्या आवाजाने कुणी पळतं ही कल्पना फारच सुखाची होती.

मळ्याच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडे, नांदरुकाची, वडाच्या जातीतली, जुनी झाडं होती. आम्ही तिकडे वळलो. पहिल्या दिवशी फांद्यांचे ढीग रचून आम्ही संध्याकाळी गेलो. सकाळी येऊन पाहतो तर ढिगातला पाला गायब, साली सोललेल्या, आणि बाजूला थोरल्यांच्या लिदेचे गोळे. नांदरुकाचा कोवळा पाला म्हणजे त्यांचं पंचपक्वान्न. करिया म्हणाला, रात्री आले असतील, गेले.

सोमीने लिदेत पाय घातला. कुरुबांमध्ये हे घड्याळ आहे, थंड लीद म्हणजे जुनी. ती म्हणाली, रात्रीची आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुपारीच काम थांबवलं. करिया विसरलेला कोयता आणायला तासाभराने परत गेला, तर ढीग अर्धा खाल्लेला. तिसऱ्या दिवशी आम्ही जेवायला वरच्या पडवीत गेलो. परत आलो तेव्हा सोमीने लिदेत पाय घातला आणि लगेच बाहेर काढला. लीद अजून गरम होती.

"हे आवाजाला भीत नाहीत," ती हळूच म्हणाली. "आवाज बंद व्हायची वाट बघतायत."

करिया म्हणाला, योगायोग असेल. पण चेहऱ्यावर त्याचा स्वतःचाच विश्वास दिसत नव्हता. एवढं एक झाड उरकू आणि उद्यापासून वरच्या अंगाला जाऊ, असं त्याने ठरवलं.

मी विचार करत राहिले. पूर्वी माझा आवाज कुंपणापलीकडे फारसा जात नव्हता. आता तो दोन टेकड्या ओलांडत होता. पलीकडच्या बांबूच्या रानात कुणीतरी कान हलवून ऐकत होतं आणि आपल्या मनात जुळवत होतं, की ही ओरडते तेव्हा पाला पडतो, आणि ही गप्प होते तेव्हा माणसं जातात. मी ज्याला दरडावणं समजत होते, ते पंगतीचं बोलावणं होतं. कसे असतील ते? कधी बघायला मिळतील? सोमीच्या जिवाचा घोर असताना मला हे कुतूहल वाटावं, याची आता लाज वाटते. पण तेव्हा वाटलं ते वाटलं.

ते शेवटचं झाड चांगलंच उंच होतं. करिया चार पुरुष उंचीवर बेचक्यात बसला होता. खाली बुंध्याला एका बांबूची शिडी टेकवलेली होती, पेरापेराशी खुंट्या ठोकलेली. सोमी दोर धरून झाडाकडे तोंड करून उभी होती. मी एका फांदीत निम्मी शिरले होते, तेवढ्यात करियाची नजर खाली गेली.

सोमीच्या पाठीमागे वीस पावलांवर कॉफीच्या झुडपांवरून एक करडी पाठ दिसत होती. डावा सुळा अर्ध्यात मोडलेला. कान स्थिर. सोंड वर करून ते उभे होते, पाहुणा पान मांडायची वाट बघतो तसे. सोमीला काही ऐकू येत नव्हतं, कारण मी ओरडत होते.

करियाने मला बंद करून हाक मारायची म्हटलं, तर मी गप्प होताच थोरले पुढे येणार आणि सोमी मधोमध सापडणार. बंद नाही केलं, तर त्याची हाक तिच्यापर्यंत पोचणार नाही. त्याने दोर हलवला. पण त्या दोरावरून आजवर फक्त खालून वर निरोप गेले होते. वरून खाली कधीच काही बोललं गेलं नव्हतं. सोमीला वाटलं फांदी येतेय, तिने उलट दोर आवळला.

करियाने एका हाताने मला चालू ठेवलं, दुसऱ्या हाताने डोक्याचा पंचा सोडला आणि खाली टाकला. तो सोमीच्या खांद्यावर पडला. तिने वर पाहिलं. करियाने कोपर नाकाला लावून हात सोंडेसारखा हलवला, आणि मग बोट तिच्या मागे नेलं.

तिने मागे वळून पाहिलं नाही. मला अजून नवल वाटतं त्याचं. तिने दोराचं टोक शांतपणे बुंध्याला गुंडाळलं, जणू जेवायची वेळ झाली, आणि शिडीकडे चालू लागली. एक खुंटी, दोन खुंट्या. मी आता लाकडात नव्हते. करिया मला नुसतीच हवेत ओरडवत होता, कारण मी ओरडत होते तोवर थोरले थांबणार होते.

आणि माझी टाकी संपत आली होती.

तीस मिनिटं, औसेपचेट्टन म्हणाले होते. करियाने त्या दिवशी हिशोब ठेवला नव्हता. पूर्वीच्या आवळलेल्या गळ्याने मी अजून दहा मिनिटं सहज काढली असती. आता तळाचे थेंब होते. सोमी सहाव्या खुंटीवर होती तेव्हा माझा आवाज आपोआप चढला, पेट्रोल कमी पडलं की चढतो तसा, तापातल्या माणसाच्या बडबडीसारखा. मी स्वतःला बजावत होते, अजून जरा, अजून जरा. कापायचं नव्हतं, ताकद नको होती, नुसतं ओरडायचं होतं. आयुष्यात तेवढं एकदाच मी माझ्यासाठी ओरडले नाही.

ती नवव्या खुंटीवर असताना मी मेले.

एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मग कॉफीतून पाला चिरडल्याचा आवाज आला. करियाने मला सोडून दिलं, मी फांदीला बांधलेल्या माझ्या दोरीला लोंबकळत राहिले. त्याने पोटावर पडून हात खाली दिला, सोमीने तो धरला, आणि तिचा पाय शिडीवरून सुटला त्याच वेळी थोरल्यांनी शिडीला सोंड लावली. खुंटी खुंटी हुंगत सोंड वर आली. जिथे तिचा पाय शेवटचा होता तिथे थांबली. त्यांनी शिडी उचलून बाजूला ठेवली. मोडली नाही, दारातली खुर्ची सरकवावी तशी सरकवली.

मग ते जेवायला लागले. फांदी पायाखाली धरून साल सोलायची, पाल्याची माती मांडीवर झटकायची, मग तोंडात. दोघं वर एकमेकांना धरून बसले होते. सोमीचे डोळे खालीच होते. मधेच थोरल्यांनी सोंड वर केली, थेट माझ्याकडे. माझी नळी अजून गरम होती. सोंडेचं ओलं टोक वीतभर अंतरावर थांबलं आणि त्यांनी मला हुंगलं. धूर, तेल, जळका लाकडाचा भुसा. मी त्यांना कोण वाटले असेन? कितीदा मी हा प्रश्न स्वतःला विचारला असेल. एक लांब, उबदार श्वास माझ्यावर सोडून ते परत पाल्याकडे वळले.

दिवस कलला तेव्हा ते ओढ्यापलीकडे गेले. दोघं खाली उतरले तेव्हा सोमीला चालवेना. करियाने तिला पाठुंगळी घेतलं.

बातमी घरोघर गेली. गेल्या महिन्यात पलीकडच्या मळ्यात एका मजुराला हत्तीने भिरकावलं होतं, त्याची कंबर मोडली होती. तोच हत्ती की दुसरा, कुणालाच ठाऊक नव्हतं. जंगलखात्याचे लोक पाळीव हत्ती घेऊन धरपकडीला येणारच होते, पण थोरले दिसतच नव्हते. सुभेदारांच्या डोक्यात कल्पना आली. ओढ्याकाठच्या मोकळ्या जागी नांदरुकाचा पाला टाकायचा, मला तासभर ओरडवायचं आणि बंद करायचं. ते आपल्या पायांनी चालत येतील.

"तुझ्या बायकोसाठीच सांगतो," ते करियाला म्हणाले. आणि ते खरं होतं. करिया लगेच तयार झाला. सोमीला शिडीवर पाहिलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी करिया पाला तोडायला गेल्यावर सोमीने मला पोत्यात घातलं आणि बाजाराची वाट धरली. औसेपचेट्टनांसमोर तिने मला ठेवलं, नळीवर बोट ठेवलं आणि मूठ आवळून दाखवली.

त्यांनी विचारलं, "नवऱ्याला विचारलंस का?"

"दोराच्या खालच्या टोकाला मी असते," सोमी म्हणाली.

त्यांना ते ऐकू गेलं की ओठांवरून कळलं, देव जाणे. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, पण सोमीच सांगत राहिली. तिच्या बापाच्या तळावर सागाच्या ओंडक्यांचा पिंजरा होता. धरून आणलेला हत्ती त्यात महिनोन्‌महिने उभा असायचा. रात्री तो कपाळ ओंडक्यावर आपटायचा तो आवाज ऐकत ती लहानाची मोठी झाली होती. "त्यांना धरायचं तर धरा, तुमची ताकद लावून धरा. पण जेवायला हाक मारून नाही. मी शिडीवर होते तोवर ते थांबले होते. मी तेवढं तर करीन." हे म्हणताना ती रडत होती.

औसेपचेट्टनांनी नळी कापली, भोकावर चकती ठेवून वेल्डिंग मारलं, बारीकसं भोक ठेवलं. फळीवरच्या डब्यातून माझी जाळी शोधून काढली. कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा परत आवळला. मी मनातून आक्रोश करत होते. ज्याने कधी मोकळा श्वास घेतलाच नाही त्याला आवळलेला गळा सोसवतो, मला कसा सोसवावा?

ठरल्या दिवशी चार पाळीव हत्ती, पंधरा माणसं आणि गुंगीच्या सुईची बंदूक घेतलेले जनावरांचे डॉक्टर झाडीत दबा धरून बसले. करियाने दोरी ओढली. मी पूर्वीसारखी बारीक कुरकुरले. करियाने खाली पाहिलं, त्याला नव्या वेल्डिंगचा निळसर डाग दिसला. मग त्याने मान वर करून सोमीकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती.

सुभेदारांनी खुणेने विचारलं, हिला झालं काय?

"गळा बसलाय, धनी," करिया म्हणाला, आणि मला चालवत राहिला.

मला पलीकडची टेकडी दिसत होती. बांबूंच्या कडेला ते आले. मोडका सुळा उन्हात चमकला. कान पसरले, सोंड उचलली, आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. माझा आवाज पोचत होता की नाही ठाऊक नाही. पोचला असला तरी तो त्यांच्या ओळखीचा नव्हता. मग ते वळले आणि बांबूत शिरले. दबा धरून बसलेल्यांपैकी कुणालाच ते दिसले नाहीत. दोन दिवस वाट पाहून माणसं आपले हत्ती घेऊन निघून गेली.

त्या संध्याकाळी करियाने मला पुसलं नाही. चुलीपाशी बसून त्याने सोमीला विचारलं, आवाज मुळीच न चढवता, "आता तुला काही झालं तर?"

"आता मला ऐकू येईल," ती म्हणाली.

याला तीन वर्षं झाली. मी अजून कामावर आहे. फणसाच्या फांदीत पूर्वीसारखीच अडकते, करिया शिव्या देतो, पाचर मारून मला सोडवतो. कुंपणापलीकडचे लोक डास म्हणतात, म्हणोत बापडे. माझी साखळी दोनदा बदलली, दांडा झिजलाय, आणखी एखाद-दोन हंगाम निघतील. नांदरूक छाटून झालं की सोमी पाल्याचा एक मोठा भारा ओढ्यापलीकडे नेऊन टाकते. तिला कुणी सांगितलेलं नाही. सकाळी तो भारा संपलेला असतो.

तुमच्याकडे माझी एखादी बहीण असेल तर तिचा गळा खुशाल मोकळा करा. तिला फार बरं वाटेल, मी अनुभवाने सांगते. फक्त त्याआधी खाली दोर धरून जो उभा असतो, त्याला एकदा विचारा.

कधी कधी छाटणी चालू असताना दोराला दोन हिसडे बसतात. करिया मला तत्काळ बंद करतो. मग आम्ही तिघंही श्वास रोखून ऐकतो. कॉफीत कुठेतरी, अगदी जवळ, एक मोठं पोट गुरगुरतं, आणि हळूहळू लांब जातं.